तावडेकाकांची काजळी

तावडेकाका प्रयोगशाळेत शिरले की आधी स्वतःचे हात हुंगत. मग म्हणत, "आज गॅस बरो आसा." माटुंग्याच्या आमच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस होते, राहायचे लालबागच्या चाळीत. दादरच्या मैलापाण्यातून निघणारा मिथेन फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये भरून तेच आणत. बसमध्ये शेजारी कुणी बसेल तर शपथ!

तो वायू चुन्याच्या निवळीतून धुऊन मी तापलेल्या निकेलवरून सोडायचे. मिथेन फुटून हायड्रोजन निघे आणि नळीत काजळी साचे. मला हवा होता हायड्रोजन. काजळीने नळी तुंबली की मी चरफडायचे. काका मात्र नळी आधी नि नंतर तोलत, मग काजळी खरवडून पुडीत बांधत. "अगो बाय, हायड्रोजन उडान जाता. काजळी खंय जातली?"

त्या काजळीत डिंक घोटून ते शाई करीत आणि संयुक्त महाराष्ट्राचे फलक रंगवीत. माझ्या मार्गदर्शक सरांना कळलं तेव्हा केवढे भडकले! "प्रयोगशाळा आहे की रंगाचं दुकान?"

काका म्हणाले, "तोलल्याशिवाय चिमूटभर बाहेर नेली नाही, साहेब."

मग परळच्या मोर्च्यात मीही होते; तिथे अश्रुधूर सुटला, पळापळ झाली आणि माझी पिशवी गेली. पिशवीत वही, वहीत दोन वर्षांची हायड्रोजनची मोजमापं. प्रबंध द्यायला महिना उरलेला. घरच्यांनी निक्षून सांगितलं होतं, यंदा प्रबंध नाही झाला तर सरळ बोहल्यावर! प्रयोगशाळेतल्या टेबलावर डोकं टेकून मी हमसाहमशी रडले.

काकांनी कपाटाचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला, त्याच शाईने, प्रत्येक प्रयोगाची तारीख, तापमान आणि काजळीचं वजन!

"तूच शिकवलंस ना? वजनात तीन भाग काजळी, तर एक भाग हायड्रोजन."

शिकवलं होतं खरं, आणि मीच विसरले होते. आठवडाभरात सगळे आकडे पुन्हा उभे राहिले.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात सरांचं नाव आलं, सरांच्या वरच्यांचं आलं. काकांचं राहिलं. राहिलं कसलं, मदतनिसाचं नाव शोभेल का, असं मला वाटलं. काकांनी प्रत हातात घेतली, पान न् पान उलटून आकडे तपासले. "बरोबर आसत," म्हणाले आणि हसले. मला अजून त्याची लाज वाटते.

ते गेले तेव्हा त्यांच्या शाईची एक बाटली माझ्याकडे उरली होती. तिच्यात पाणी घालून माझ्या प्रतीत मी त्यांचं नाव लिहिलं. आता टंकलेली अक्षरं पुसट झालीत. ते नाव अजून काळंकुट्ट आहे. काजळी खंय जातली!