शिळ्या माशांचा आळ

हर्णै बंदरावर शौकत सारंगच्या घरात तीन पिढ्या मासळीचा धंदा. कल्ला उचलून मासा कधीचा ते सांगणारा हा माणूस. आणि त्याच्यावरच शिळे मासे चारल्याचा आळ आला, तोही जेद्दात.

तिथल्या एका खासगी मत्स्यालयात तो पेंग्विन सांभाळायचा. हे बर्फातले नव्हेत, दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे. खडकांच्या कपारीत नि झुडपांखाली राहणारे. त्यांना खेळती हवा आणि कोरडी जागा लागते. मॅनेजर अनुरागने सुट्टीतल्या गर्दीसाठी आत गवताची झोपडी उभारली. पाणी उडून गवत कुबट झालं.

"साहेब, बुरशी धरलीय. काढा हे."

"फोटो छान येतात, शौकत. तू मासे कापायचं बघ."

पंधरा दिवसांत चार पक्षी चोच वासून धापा टाकत गेले. मालक उसामा संतापले, तेव्हा अनुरागने सगळ्या कामगारांसमोर अहवाल वाचला: शौकतने शिळी तारली चारली. शौकतच्या कानशिलात रक्त उसळलं. पण इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, मालकाच्या हाती. मॅनेजरपुढे त्याचा शब्द कोण ऐकणार? मेलेल्यांपैकी शेवटची मादी त्याने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरच्या तळाशी, तारलीच्या खोक्यांखाली ठेवली.

पाच महिने तो अनुरागला स्वतःच्या हाताने कहवा देत राहिला, हसून. फ्रीझर उघडला की आधी त्या गाठोड्यावर हात ठेवायचा. थांब, म्हणायचा, मालक समोर असू दे.

आणखी दोन पक्षी मेले, तेव्हा उसामांनी बाहेरून डॉक्टर मंजुषा कुलकर्णींना बोलावलं. मासे कापायच्या टेबलाभोवती सगळे जमले. अनुराग पुन्हा तारलीचंच सांगू लागला. शौकतने गाठोडं आणून टेबलावर ठेवलं.

"मॅडम, हिची फुप्फुसं बघा."

पक्षी वितळायला दुपार झाली. चिरल्यावर आत हिरवट-करडे चट्टे दिसले.

"बुरशी," मंजुषा म्हणाल्या. "माशांचा संबंध नाही."

अनुराग पांढराफटक पडला. "शौकतभाई, मालकांना समजाव ना. माझी मुलं इथल्या शाळेत आहेत."

पाच महिन्यांत पहिल्यांदाच 'भाई'. शौकतने सुरी पुसली. "खलास, साहेब."

आठवड्याभरात अनुरागला फायनल एक्झिट लागला, कायमचं देश सोडून जायचा शिक्का. झोपडी उपटली, वर पंखे बसले. अहवालावरचं शौकतचं नाव उसामांनी सगळ्यांदेखत खोडलं. शौकतला वाटलं होतं तेवढंच गोड वाटलं, कणभरही कमी नाही.

निघताना मंजुषांनी त्याला बाजूला घेतलं. "शौकतभाई, हा पक्षी तुम्ही तेव्हाच कुणा डॉक्टरला दाखवला असता, तर नंतरचे दोघं वाचले असते."

"हो," तो म्हणाला. "पण तेव्हा तो नुसता ओरडा खाऊन सुटला असता."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्या गाडीत बसल्या. शौकत आत गेला. उरलेले अकरा पक्षी बादलीचा आवाज ऐकून धावत आले. त्याने प्रत्येकाला तारली दिली, नजर मात्र कुणाशी मिळवली नाही.