रशीदभाईंचा कोरा समास

रशीदभाईंच्या मुलीचा, शाहीनचा फोन आला तेव्हा मी बाल्कनीत पेपर वाचत होतो. "काका, अब्बा गेले. पहाटे, झोपेतच." माणूस माझ्याच इमारतीत, दोन मजले खाली राहणारा, आणि मला कळलं ते फोनवरून. त्याला आता सहा आठवडे झाले.

रशीदभाई निपाणीचे, मी बेळगावचा. एचएसआर लेआउट या कानडी वस्तीतल्या आमच्या इमारतीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच, तरी ओळख झाली ती भांडणातून. मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो. मुसलमान भाडेकरू नकोत, असा ठराव मीच मांडला होता. लिहितानाही लाज वाटते. रशीदभाईंचा फ्लॅट स्वतःचा, त्यांना कुणी उठवणार नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी ते रहिवाशांना लिहिलेल्या पत्राचा खर्डा घेऊन माझ्या दारात उभे. जन्मभर कारखान्यात ड्राफ्ट्समन असल्यामुळे अक्षर पेन्सिलीचं, रेखीव, आणि उजवीकडे चार बोटं कोरा समास. "अण्णा, तुम्हाला हे पटणार नाही, म्हणून आधी तुमच्याकडे आणलं. जिथं राग येईल तिथं शेजारी लिहा. स्वल्प वेळ लागला तरी चालेल."

मीही काही कमी नव्हतो. 'उपदेश नको' असं तीनदा लिहिलं. त्यांनी मुकाट्यानं उपदेश खोडला आणि त्या जागी फक्त स्वतःची जुनी घरशोधणी लिहिली... फोनवर मराठी ऐकून गाववाला भेटल्यासारखा खूश झालेला घरमालक, आणि नाव सांगताच आदल्या दिवशीच भाड्यानं गेलेलं घर. ठराव मीच मागे घेतला.

पुढे त्यांचं प्रत्येक लिखाण आधी माझ्याकडे येऊ लागलं. मी भांडायचो, ते खोडायचे, आणि दोघांनाही त्याची चटक लागली होती. शेवटचा लेख शेजाऱ्यांबद्दलचा. त्यात राग येण्यासारखं एक अक्षर सापडेना. लिहायलाच काही नाही तर परत द्यायची घाई कसली, म्हणून मी तो कपाटावर ठेवून दिला. तीन आठवडे.

दफनानंतर शाहीननं विचारलं, "काका, त्या लेखात काही चुकलं होतं का? अब्बा सारखे म्हणायचे, अण्णा या वेळी फारच रागावलेत वाटतं." मी घरी येऊन कपाटावरचा लेख खाली काढला.

परवा पेन्सिल घेऊन त्या समासात एकच शब्द लिहिला... पटलं. कागद घेऊन दोन मजले उतरलो. शाहीन घर आवरून इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या तिच्या घरी परत गेली आहे, आत कुणी नाही, हे मला ठाऊक होतं. तरी बेल वाजवली.