मध्येच तार काढण्याचा फॉर्म

आमच्या क्लिनिकच्या फळ्यावरची पहिली बातमी वेफर्समुळे लिहिली गेली.

बुऱ्हाणपुरात वेडेवाकडे दात सरळ करणारं हे क्लिनिक आहे. मी काउंटरवर बसते आणि गरज पडली की आत डॉक्टर मॅडमच्या शेजारी उभी राहते. तार लावल्यावर पहिले काही दिवस दात ठणकतात, म्हणून मॅडम सगळ्यांना सांगायच्या, मऊ खा, केळी खा. आमच्याकडे केळी घरोघरी. पण एकाच आठवड्यात तीन पोरं तुटलेली तार घेऊन परत आली. तिसऱ्याच्या आजीला मी विचारलं, "काय खाल्लं होतं यानं?"

"केळीच खाल्ली. मॅडमनंच त सांगितलं."

"नुसती केळी?"

"वेफर्स. घरी तळले होते, ताजे."

"आजी, वेफर कडक असतो."

"मंग? केळीचाच आहे ना तो?"

मॅडम आतून हसल्या. संध्याकाळी त्यांनी मला एक पांढरा फळा आणि मार्कर आणून दिला. म्हणाल्या, "तुझं अक्षर चांगलं आहे. आजपासून क्लिनिकच्या बातम्या तू लिहायच्या. मराठीत पण, हिंदीत पण." मी लिहिलं, 'केळी चालतील. केळीचे वेफर्स चालणार नाहीत.' दोन्ही भाषांत, ठळक.

तेव्हापासून त्या फळ्यावर सगळं येतं. तोंडात कॅमेऱ्याची कांडी फिरवून दातांचं चित्र काढणारं मशीन आलं, तेव्हा मी लिहिलं की आता तोंडात गुलाबी लगदा भरून माप घेणार नाही, उलटी होईल म्हणून घाबरू नका. ज्याचं काम पूर्ण होऊन तार निघाली त्याचं गाव आणि महिने लिहिते. नाव लिहीत नाही. 'बहादरपूर, बावीस महिने.' 'इच्छापूर, सोळा महिने.' लोक येता-जाता वाचतात आणि आपला हिशेब लावतात.

मी स्वतः बहादरपूरची. अण्णांची केळीची शेती. गावातल्या मराठी शाळेत शिकले, मग बुऱ्हाणपूरला कॉलेज, आणि आमच्या घरात पहिली पदवी माझी. अण्णांनी ती फ्रेम करून देवघराशेजारी लावली आहे. माझे वरचे दात पुढे होते. शाळेत मला 'किसणी' म्हणायचे. मी तोंडावर हात ठेवून हसायला कधी शिकले ते मला आठवत नाही, पण तसंच हसत होते. क्लिनिकमध्ये नोकरीला लागून वर्ष झालं तेव्हा मॅडमनी मला खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "तुला करायचं आहे का?" मी हो म्हणाले तेव्हा रडले. त्यांनी टिश्यूचा डबा पुढे केला. त्यांचं हे ऋण कधी फिटेल असं मला वाटत नाही.

माझे वरचे दोन दात आधी काढावे लागले. पुढचे दात मागे यायला जागा हवी म्हणून. मग तार. महिन्या-महिन्याला ती जागा थोडी थोडी भरत आली.

याच काळात एक गोष्ट घडली ती सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे.

आमच्याकडे एक रिवाज पडला आहे. मुलीचं लग्न ठरायची वेळ आली की घरचे येतात आणि म्हणतात, तार काढून टाका. काम पूर्ण झालंय की नाही ते विचारत नाहीत. त्यासाठी क्लिनिकचा एक फॉर्म आहे. 'उपचार अर्धवट असताना मी स्वतःच्या इच्छेने तार काढून घेत आहे.' खाली सही. धूलकोटकडची एक कॉलेजची मुलगी होती. तिचा सुळा हिरडीत वर अडकला होता, मॅडमनी तो वर्षभरात अर्ध्यापर्यंत खाली आणला होता. तिचा मामा तिला घेऊन आला. फॉर्म मी पुढे केला. मामानं वाचला नाही. कुठं सही करू, म्हणाला. मी बोट ठेवलं, इथे. ती मुलगी माझ्याकडे बघत होती. मी पेनकडे बघत राहिले.

'स्वतःच्या इच्छेने'च्या खाली मामाची सही. मीच तो कागद फाइलला लावला.

काही महिन्यांनी ती मला बाजारात दिसली. मंगळसूत्र घातलेलं होतं. मला ओळखून हसली, आणि हसताना ओढणीचं टोक तोंडावर धरलं. ती सवय मला फार जुनी ओळखीची होती.

त्यानंतर काही दिवसांत माझ्या काकांनी रावेरकडचं स्थळ आणलं. मुलगा चांगला, शिकलेला. रविवारी बघायला येणार. मायनं शुक्रवारी विषय काढला.

"तेवढ्यापुरती तार काढून घे बेटा. तूच त तिथं असते, तुले काय अवघड आहे?"

"माय, दोन दात काढलेत माझे. फट अजून बुजली नाही. आत्ता काढली तर ती तशीच राहील."

"एक दिन की तो बात आहे. सोमवारी परत लावजो."

"एक दिवस नाही राहत तो. मग म्हणशील, साखरपुड्यापर्यंत राहू दे. मग लग्नापर्यंत."

मायनं विषय बदलला, म्हणजे तिच्या मनात तेच होतं.

शनिवारी ती काकांना घेऊन थेट क्लिनिकमध्ये आली. मी काउंटरवर आणि माझी माय समोरच्या बाकावर, पेशंटसारखी. काका मॅडमना म्हणाले, "मॅडम, घर की लड़की समझो. काढून टाका. पाहुणे काय म्हणतील, तोंडात लोखंड?"

मॅडम म्हणाल्या, "काढता येईल. त्याला फॉर्म आहे. सही मात्र हिची लागेल." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दे फॉर्म."

ड्रॉवर माझ्याच हाताखाली. मी फॉर्म काढला. माझ्या आयुष्यात घरच्यांना समोरासमोर नाही म्हणायची वेळ कधी आली नव्हती. कॉलेजलाही अण्णांनीच पाठवलं होतं, मला भांडावं लागलं नव्हतं. मी ती ओळ वाचली. 'स्वतःच्या इच्छेने.' वाचताना मला ओढणीचं ते टोक दिसलं.

"माझी इच्छा नाही," मी म्हणाले, आणि फॉर्म परत ड्रॉवरमध्ये ठेवला.

काका म्हणाले, "शिकवून हे झालं."

"हो काका," मी म्हणाले. "शिकवून हेच झालं."

मी मायला रिक्षापर्यंत सोडायला गेले. बसल्यावर एवढंच म्हणाली, "उद्या तोंड मिटून बसजो मंग. हसू नको."

रविवारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे आईवडील आणि एक आत्या. आत्यानं पहिल्यापासून माझ्या तोंडाकडे लक्ष ठेवलं होतं. मी मायचं ऐकून ओठ मिटून चहा दिला, ओठ मिटून बसले. गाल दुखायला लागले. मग आत्या म्हणाली, "बोलत नाही का पोरगी? काही आहे का तोंडात?"

"आहे," मी म्हणाले, आणि तोंड उघडून दाखवलं. दातांवर चिकटवलेले सगळे ब्रॅकेट, तार, दोन्ही बाजूंच्या फटी. "दात पुढे होते. आता मागे येतायत."

"अजून किती दिवस?"

"आठ-नऊ महिने."

"मंग लग्नाच्या फोटोत येईल ना ते."

"लग्न तेव्हा असलं तर येईल."

मुलाच्या वडिलांना हसू आलं, त्यांनी कपात लपवलं. मुलगा चपलांकडे बघत होता. मी हात तोंडावर न नेता हसले. मायनं डोळे मिटून घेतले.

बुधवारी काकांना निरोप आला. पोरगी पसंत आहे, तार निघाली की कळवा, मग पुढचं बघू. काका तो निरोप मिठाईसारखा घेऊन आले. अण्णा पायरीवर बसले होते. त्यांनी मला विचारलं, "काय सांगू?"

"सांगा की कळवणार नाही. ज्यांना तार असलेली चालत नाही त्यांनी नसलेलीही बघू नये."

काका अण्णांना म्हणाले, "तू काही बोलशील का नाही?"

अण्णांनी अंगठ्यानं तळहात चोळला. मग म्हणाले, "घड भरला नाही त आपण कापत नाही. व्यापारी बांधावर येऊन उभा राहिला तरी नाही कापत. तिचं काम अर्धं आहे. मी कळवतो त्याहीले." आणि आत जाऊन फोन लावला. फोनवर ते काय बोलले ते मी ऐकलं नाही. माय आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि अजूनही कधी कधी त्या मुलाचा विषय निघाला की उसासा टाकते. तिचं चूक आहे असं मी म्हणत नाही. तिला माझी काळजी आहे. पण दात माझे आहेत.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी मी मॅडमना विचारलं, फळ्यावर एक नवीन नियम लिहू का. त्यांनी तो ऐकला, एक शब्द बदलला आणि खाली सही केली.

'उपचार मध्येच थांबवायचा असल्यास डॉक्टर आधी पेशंटशी एकांतात बोलतील. घरच्यांनी बाहेर बसावे. फॉर्मवर सही पेशंटचीच.'

पंधरा दिवसांत एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलगी एकोणीस-वीसची. लग्न ठरलंय, तार काढा. मी फळ्याकडे बोट केलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"ये किसने लिखा?"

"मैंने."

"तुम्ही कोण?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तेव्हा त्यांना माझी तार दिसली.

"बसा काका," मी म्हणाले. "दहा मिनिटं लागतील."

मुलगी माझ्यामागून आत आली. मी बाहेर येऊन मॅडमच्या खोलीचं दार लावलं आणि कोरा फॉर्म काउंटरवर माझ्या हाताखाली ठेवला. त्या गृहस्थांनी पेन मागितलं. मी दिलं नाही.