चौदा वॅटची चिठ्ठी

त्याला सगळे मीटर म्हणत. कॉम्प्युटर जोडून देणं हा त्याचा धंदा आणि विजेचा हिशेब हे त्याचं वेड. खिशात कायम एक छोटं वॅटमीटर. कुणाच्या घरी गेला की चहा येण्याआधी हा त्यांच्या फ्रीजची पिन काढून मधे मीटर खोचायचा आणि "तुमचा फ्रीज फार खातो हो" असं ऐकवून घरच्या बाईचं तोंड पाडायचा. बायको म्हणायची, "लोकांकडे जाताना तरी ते मीटर घरी ठेवा, पुन्हा बोलावतील तरी." पण खोटं कशाला बोला, माणूस कामाला पक्का होता. आणि हे त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं.

म्हणून तर थोरल्या बहिणीने, ताईने, त्याला गाठलं. भावोजींची फुप्फुसं दमली होती. नाकात नळी आणि पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन, दिवसभर घरघरणारं. लाइट गेली की ते बॅटरीवर चालायचं. एकटं चाललं तर चार तास. त्या चार तासांच्या भरवशावर ताई रोज दुपारी वाचनालयात अर्ध्या दिवसाच्या नोकरीला जायची. भावोजींना करमणूक एकच, जुने सिनेमे. ते सगळे भरून टीव्हीला जोडायला त्यांना एक कॉम्प्युटर हवा होता.

"एक ध्यानात ठेव," ताई म्हणाली, "तो त्याच बॅटरीवर चालणार. वीज कमीत कमी खाईल असा कर."

"ताई, हे तू मला सांगतेस?"

पहिला डबा त्याने खरोखर नामी जोडला होता. कमी विजेची चिप, पंखा नाही, आवाज नाही, आकार जेवणाच्या डब्याएवढा. सिनेमा चालू ठेवून मीटर लावलं तर चौदा वॅट. त्याने एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात '१४ वॅट' लिहिलं आणि डब्यावर चिकटवलं. तेवढ्यावर थांबला असता तर देव पावला असता. पण ताईकडे नेण्याआधी त्याला तो चार लोकांना दाखवायची खुमखुमी आली. त्यात बायकोचा भाऊ होता. त्याने पेनड्राइव्हवर एक नवाकोरा सिनेमा आणला होता. तो लावला आणि चित्र अडखळायला लागलं. नायक धावतोय, थांबतोय, पुन्हा धावतोय.

"दाजी, हा सिनेमा आहे की लग्नाचा अल्बम?" मेहुणा म्हणाला. घर हसलं. बायकोही हसली.

कारण साधं होतं. नव्या तऱ्हेने दाबून भरलेली ती फाइल उलगडणं त्या चिपला जमत नव्हतं. उपायही साधा होता. तितकीच कमी वीज खाणारी, पण नवीन चिप मागवायची आणि दहा दिवस कळ काढायची. आणि भावोजींना कुठे नवे सिनेमे बघायचे होते? त्यांचे जुने सिनेमे तर त्या डब्यावर लोण्यासारखे चालत होते. पण मीटरचं नाक कापलं गेलं होतं. त्याने त्याच संध्याकाळी दुकानातला दांडगा प्रोसेसर आणि जाडजूड ग्राफिक्स कार्ड एका मोठ्या कॅबिनेटमध्ये बसवलं. बटण दाबताच चित्र दिसावं म्हणून टीव्ही बंद केला की कॉम्प्युटर आपोआप बंद व्हायची सोयच काढून टाकली. जन्मात पहिल्यांदा त्याने मीटर लावलं नाही, कारण आकडा काय येणार हे त्याला माहीत होतं. मग चौदा वॅटची चिठ्ठी त्याने नखाने हलकेच सोडवली आणि नव्या कॅबिनेटवर चिकटवली.

"तू तर छोटा करणार होतास ना?" ताईने विचारलं.

"आत हवा खेळायला जागा ठेवलीय," तो म्हणाला, आणि कॅबिनेट टीव्हीखालच्या कपाटात ढकललं.

तीन आठवड्यांनी भर दुपारी लाइट गेली ती तीन तास आलीच नाही. ताई वाचनालयात होती. ती परतली तेव्हा बॅटरी संपून मशीन बंद पडलेलं, भावोजींचे ओठ निळे पडलेले आणि हात कोपऱ्यातल्या ऑक्सिजनच्या जादा सिलिंडरकडे लांब केलेला. सिलिंडरचा नळ घट्ट होता, तो शेजाऱ्याने पक्कड लावून उघडला. भावोजी वाचले.

मीटर धावत आला. ताई स्वयंपाकघरात उभी होती. "ठरलं होतं रे आमचं, लाइट गेली की टीव्ही बंद. हे म्हणतात, लगेच बंद केला. मग चार तासांची बॅटरी अडीच तासांत कशी संपली? या वयात माझ्याशी खोटं बोलतात!"

मीटरला लगेच उमगलं. टीव्ही बंद केला असेल, पण कपाटातलं ते धूड काळ्या पडद्यामागे सिनेमा चालवतच राहिलं असणार, आणि मशीनच्या घरघरीत त्याचे पंखे कुणाला ऐकू येणार? सांगायची वेळ हीच होती. आणि हा दीडशहाणा काय म्हणाला? "असेल, सिनेमाच्या नादात विसरले असतील."

त्याने नवी चिप मागवली. ती यायला दहा दिवस लागले, आणि त्या दहा दिवसांत ताईने नोकरी सोडली. रिमोट ती पर्समध्ये ठेवू लागली. भावोजी भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मीटर रोज फोन करायचा आणि तब्येतीचं विचारून लगेच ठेवून द्यायचा. आरशात दाढी करतानासुद्धा त्याला स्वतःकडे बघवेना. अकराव्या दिवशी तो नवा डबा पिशवीत घालून गेला. कुणाला न सांगता बदलायचा आणि सटकायचं, एवढंच त्याने ठरवलं होतं.

तो कपाटासमोर बसून स्क्रू काढत होता तेव्हा मागून भावोजींचा आवाज आला. दर दोन शब्दांना धाप. "मी खरंच बंद केला होता रे. तुला तरी पटतं का?"

त्याने वळून पाहिलं. उत्तराची वाट बघणारा तो चेहरा त्याला सोसवेना. मग त्याने सगळं सांगितलं, जमिनीकडे बघत, भराभर. मेहुण्याचं हसणं, कार्ड, चिठ्ठी, आणि स्वयंपाकघरात आपण बोललेलं वाक्यसुद्धा.

तो शिव्यांची वाट बघत होता. शिव्या बऱ्या झाल्या असत्या.

"तिला हाक मार," भावोजी म्हणाले. "तिच्यासमोर सांग."

ताई ओल्या हातांनी आली आणि दारातच उभी राहिली. त्याला सगळं पुन्हा, पहिल्यापासून सांगावं लागलं. या वेळी शब्द सापडत नव्हते. चिठ्ठीपाशी आला तेव्हा तो अडखळला. तरी तो थांबला नाही, कारण ताई थांब म्हणत नव्हती.

सांगून संपलं. ताईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती त्याला ओलांडून पलंगाकडे गेली, नवऱ्याच्या पायाशी टेकली आणि म्हणाली, "माझं चुकलं हो. मला माफ करा."

माफी मागायची होती ती त्याने. तो पिशवी हातात धरून तिथेच उभा होता, आणि त्या दोघांत आता त्याच्या एका शब्दालाही जागा नव्हती.