डर्व्हलाने गोल केलेलं टोक

"नियम म्हणजे नियम" असं कुणी डर्व्हला फाहर्टीला ऐकवलं, की समजावं त्याचे शंभर भरले. आयर्लंडमधल्या गॉलवेच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसलेली ही बाई. हृदयाच्या नसेत सरकवायच्या बारीक नळ्या ती जोडायची. शाळा पंधराव्या वर्षीच सुटलेली, पण हात असा की नवे इंजिनिअर तिच्यामागे उभं राहून गुपचूप शिकायचे आणि जेवणाच्या सुट्टीत तिलाच अक्कल शिकवायचे.

नव्या नळीचं टोक कोलमन हेशनच्या डोक्यातून निघालेलं. हुशार पोरगा, फक्त कान बंद. डर्व्हलाने कॅन्टीनमध्ये नमुना ओठावरून फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

"कोलमन, हे वळणावर नस आतून ओरखडणार बघ."

"कागदावर अगदी चोख बसतंय, डर्व्हला."

"नस कागदाची असते का रे?"

तिच्या बहिणीची, अट्रॅक्टाची, नस अशाच एका नळीने खरवडली होती. बाई मरता मरता वाचली. मग डर्व्हला गप्प बसते होय! तिने कुणालाही न विचारता टोक तापल्या पट्टीवर क्षणभर धरलं, बोटांत फिरवलं, की कडा गायब. वर बोंबाबोंब झाली. शेवटी साहेबांनी कुरकुरत तिच्या टोकांची चाचणी मान्य केली. पंधरा दिवसांत नळी पहिल्या रोग्यांच्या हृदयात जाणार होती. दोन्हींतलं एकच टोक जाणार होतं.

बुधवारी दुपारी चाचणीसाठी तिची चाळीस टोकं धुतली, पाणी गाळलं. गाळणीच्या कागदावर काळे कण!

कोलमन सगळ्यांसमोर तिच्या टेबलाशी आला. "तुम्ही भाजता, प्लास्टिक जळतं. संपला विषय. माझंच टोक जाईल."

डर्व्हलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुझी टोकंही धू."

"माझी भाजलेलीच नाहीत. कशाला धुवायची?"

"म्हणूनच!"

"नियमात तसं नाही..."

"नियम गेला खड्ड्यात! लोकांच्या काळजात घालायची वस्तू आहे ही, तुझी परीक्षेची वही नव्हे." तिने स्वतःच त्याचा ट्रे ओढला, धुतला, पाणी गाळलं. कागदावर तेच काळे कण. एकही कमी नाही.

डर्व्हलाने मान वर करून एकेकाचा चेहरा पाहिला आणि कोलमनवर नजर थांबली. वर सरकलेली टोपी आणि मुखपट्टी यांच्यामध्ये, कपाळावर, राखेचा क्रूस.

राखेचा बुधवार होता. सकाळी चर्चमध्ये पाद्रीबाबा पापांची आठवण म्हणून कपाळाला राख लावतात आणि ती पुसायला अर्धं गाव घाबरतं. या कामाच्या खोलीत धुळीचा कणही चालत नाही, म्हणून दारातच ती स्पिरिटने पुसायची, असा नियम. आणि हा नियमवाला बाबा टोपी खाली ओढून आत आलेला! सकाळपासून दोन्ही ट्रेंवर वाकून टोकं तपासत होता, टोपी घासत होती, राख झडत होती.

"आई म्हणाली, संध्याकाळपर्यंत पुसायची नाही," कोलमन पुटपुटला. कान लाल झालेले.

कुणीतरी फिस्सकन हसलं. "मी दारातच पुसली," डर्व्हला म्हणाली. "देव मला बिनराखेची ओळखतो. आणि पापं म्हणशील, तर ती त्याला तोंडपाठ आहेत."

गुरुवारी सगळं पुन्हा धुतलं. दोन्ही टोकं लख्ख. साहेब म्हणाले, मग कोलमनचं मूळचंच जाऊ दे, कागदपत्रं तयार आहेत.

"जाऊ दे काय? अजिबात नाही!" डर्व्हलाने दोन्ही ट्रे कोलमनसमोर आपटले. आता तिचा आवाज कापत होता, आणि तो कापतोय याचाही तिला राग आला. "साहेबांना विचारत नाही मी. तुला विचारते. उद्या तुझ्या आईला इथं टेबलावर झोपवलं, तर यातलं कुठलं घालशील?"

साहेबांनी घसा खाकरला. कोलमनने डर्व्हलाचा ट्रे उचलला आणि साहेबांच्या हातात दिला.