ओरखडे कोणाच्या वावरातले

"बाह्या वर कर," मॅडम म्हणाल्या.

केल्या. अख्खा नववीचा वर्ग बघत होता. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे. काही ताजे, काही खपली धरलेले. मॅडमनं माझा हात हातात घेतला नाही. पेनाच्या टोकानं उचलून बघितला आणि आमच्या वर्गाच्या सरांना म्हणाल्या, "ही स्वतःला कापून घेते."

आमची शाळा दर्यापूरच्या बाजूची. त्या वर्षी आसपासच्या गावांत माणसं जीव देत होती, म्हणून शहरातून एक पथक पोरांची मनं तपासायला आलं होतं. मॅडम त्यातल्याच. छापील कागद. राग येतो का, रडू येतं का, झोप लागते का. पुढे चौकोन, त्यात खूण करायची.

खरं सांगते, तो कागद हातात पडला तेव्हा मला बरं वाटलं होतं. झोप लागते का, हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. लागत नव्हती. आमच्या शेजारच्या काकांनी जीव दिल्यापासून बाबा जरा नजरेआड झाले की मी त्यांना शोधत सुटायचे. हे सगळं मी मॅडमना सांगणार होते. पण त्यांना आधी हात दिसले.

ओरखडे पऱ्हाटीचे होते. कापूस फुटला की बोंडाची वाळकी टोकं सुईसारखी होतात, वेचताना हात सोलून निघतात. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत. मॅडमना माहीत नसेल. सरांना होतं. मी कापूस वेचत होते ते वावरच सरांचं होतं. दर रविवारी, आणि वेचणी भरात आली की शाळेच्या दिवशीही, मी आणि माय तिथे कमरेला कापसाची ओटी बांधून असायचो. आपल्या वर्गातली पोरगी आपल्याच वावरात राबते, हे शहरातल्या बाईंना कसं सांगणार? सर मूग गिळून बसले. वर म्हणाले, "घुमीच आहे ती. गैरहजरही असते."

मला राग आला नाही. काहीच वाटलं नाही. बाह्या खाली केल्या, बटणं लावली.

दुसऱ्या दिवसापासून मला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं. पोरी माझ्यापासून कंपासपेट्या लपवायला लागल्या. आठवड्यानं मायला बोलावणं आलं. सर खुर्चीत, माय दाराजवळ खाली. त्यांच्या घरीही ती तिथेच बसायची.

"पोरीचं डोकं ठिकाणावर नाही," सर म्हणाले. "यंदा घरीच ठेव तिले."

"बरं, गुरुजी," माय म्हणाली.

तिचेही हात ओरबाडलेले. ते तिनं पदराखाली घेतले होते. मी ते बघितलं. लाज तिला वाटत होती. वावर ज्याचं, त्याला नाही.

मी तिला उठवलं. तिचे दोन्ही हात पदराबाहेर काढून सरांच्या टेबलावर ठेवले. शेजारी माझे.

"सर, माय बी सोताले कापून घेते का?"

सरांनी खुर्ची मागे घेतली.

"कावून बोलून राहिली व तू?" माय घाबरून म्हणाली.

"मले घरी बसवता, तं मॅडमच्या त्या कागदावर ओरखडे तुमच्या वावरातले, असं लिवा. मंग बसतो."

सरांनी लिहिलं नाही. मी शाळेत राहिले, त्याच शेवटच्या बाकावर. त्यांच्या वावरातलं काम मात्र दोघींचं गेलं. माझ्या झोपेचं पुढे कोणी विचारलं नाही.

आता अकोल्यात राहून मीच तसले कागद भरून घेते. तेल्हाऱ्याकडच्या शाळांत जाते. ओरखडे दिसले की आधी पोरीचा हात हातात घेते. "कोणाच्या वावरात होती व?" असं विचारते. कधी ते खरंच ब्लेडचे असतात, तेही ऐकते. मग झोपेचं विचारते.

वावराच्या उत्तराला कागदावर चौकोन नाही. मी समासात लिहिते, मालकाच्या नावासकट. वरचे साहेब म्हणतात, हे आपलं काम नाही, खोडून टाका.

मी खोडत नाही. खोडणारही नाही.