मायक्रोस्कोपचा अर्ज

माझी वर्गमैत्रीण आधी भूगर्भशास्त्रज्ञ झाली, मग अंतराळात जाऊन आली आणि शेवटी दिल्लीत सरकारच्या विज्ञान खात्याची प्रमुख झाली. मी गोंदियात, आम्ही दोघी शिकलो त्याच कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत राहिले. एमएस्सीला असताना आम्ही कचारगडच्या बाजूला खडकांचे नमुने गोळा करत हिंडायचो. तिथल्या एका बाईनं विचारलं होतं, "पोरीहो, गोटे कायले जमा करून राहिल्या?" ही म्हणाली, "मावशी, याच्यावर नोकरी भेटते." तिच्या बाबतीत ते फारच खरं ठरलं.

ती प्रमुख झाल्यावर मी तिच्या खात्याला अर्ज केला. आमच्या प्रयोगशाळेतल्या एकुलत्या एका मायक्रोस्कोपची नळी घसरते, खडकाचे काप नीट दिसत नाहीत, नवा मिळावा. उत्तर आलं, अर्ज योग्य मार्गाने यावा. मी तो योग्य मार्गाने पाठवला. त्या मार्गावर तो कुठे थांबला, कळलं नाही.

गेल्या वर्षी कॉलेजात तिचा सत्कार झाला. निवेदक तिला "अंतरिक्ष की बेटी" म्हणत होता. नऊ जण बोलले. एकानं तर तिला चंद्रावर उतरवलं. ती तिथं कधी गेलीच नव्हती. तिच्या वाट्याला पाच मिनिटं आली.

व्यासपीठावरून खाली उतरताच ती मला म्हणाली, "चल, लॅब दाखव." मागून साहेबांची रांग निघाली. मायक्रोस्कोप पाहून ती थबकली.

"काऊन वं, आपल्या वेळचाच का हा?"

"तोच. तुझ्याकडे अर्ज पडून आहे."

ती जरा ओशाळली. सत्काराची शाल तिनं स्टुलावर ठेवली, पेचकस मागवला आणि नळीचा स्क्रू स्वतः आवळला. मग खडकाचा काप ठेवून कितीतरी वेळ डोळा लावून बसली.

"मॅडम, जेवणाची वेळ झाली," एक साहेब म्हणाले.

"थांबा थोडं," ती वर न बघता म्हणाली. मला त्या क्षणी ती फार आवडली.

दोन महिन्यांनी पत्र आलं: प्रमुखांच्या प्रत्यक्ष पाहणीत सदर उपकरण सुस्थितीत आढळल्याने मागणी निकाली काढण्यात येत आहे. खाली तिचीच सही होती. मी फोन केला.

"दिवसभर सह्याच करून राहिली मी," ती म्हणाली. "वाचायला वेळ कुठं आहे? तू पुन्हा अर्ज कर."

"काय लिहू?"

"बिघडला म्हणून लिही."

मी लिहिलं नाही. मुलं रांगेनं त्याच मायक्रोस्कोपमध्ये बघतात. आता स्वच्छ दिसतं, हीच अडचण आहे.